हाफ मॅरेथॉनला चार महिने आहेत आणि अंग कायम दमलेलं: काय चुकतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, वजन ७२ किलो, बैठी नोकरी, घरात दोन लहान मुलं. दीड वर्षापासून पळताय, दहा किलोमीटरची सर्वांत चांगली वेळ ५८ मिनिटं. चार महिन्यांनी हाफ मॅरेथॉन आहे आणि ती दोन तासांच्या आत मारायचीय. आठवड्यात तीनदा सात आणि रविवारी चौदा, असे ३५ किलोमीटर होतात, आणि वेग रोज तोच, किलोमीटरला ६:०५ च्या आसपास. झोपायला बारा वाजतात, गजर पावणेपाचचा. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण अर्ध्यावर आणलंय. दोन महिने झाले, वेग जागचा हलत नाही, दुपारी तीनला खुर्चीतच डोळे मिटतात, मुलांवर उगाच ओरडलं जातं, उजव्या नडगीत आतल्या बाजूला दुखतं. आणि एवढं सगळं लिहून शेवटी विचारताय की पाचवा दिवस कुठला वाढवू?

कुठलाच नको. पुढचे तीन आठवडे उलट एक दिवस कमी करा.

मी वीस वर्षं पळतेय आणि त्यातली बारा वर्षं इतरांना पळवतेय. हाच प्रश्न मला वेगवेगळ्या माणसांनी इतक्या वेळा विचारलाय की तिसऱ्या ओळीतच मला झोपेचा आकडा दिसायला लागतो. पण तुमच्या बाबतीत आधी दुसरा एक आकडा बघू, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं.

दहा किलोमीटर ५८ मिनिटांत म्हणजे किलोमीटरला ५:४८. हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची; ती दोन तासांत संपवायला ५:४१ चा वेग लागतो. म्हणजे दहा किलोमीटर जीव तोडून ज्या वेगाने पळालात, त्याहून सात सेकंद जास्त वेग, आणि अंतर दुपटीहून जास्त. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एका अंतरावरच्या वेळेवरून दुसऱ्या अंतरावरची वेळ काढायचं एक साधं सूत्र दिलंय. जगभरचे कोच ते अजून वापरतात. अंतर वाढलं की वेग किती पडतो याचा अंदाज त्यातून येतो. त्यात तुमचे ५८ घातले की हाफची वेळ येते २ तास ८ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला ६:०४.

हा ६:०४ ओळखीचा वाटला का? तुमचा रोजचा वेग आहे तो. म्हणजे तुम्ही आठवड्यातून चार वेळा हाफ मॅरेथॉनच्या रेसच्या वेगाने पळताय, फक्त अंतर तोडून तोडून. एकाही दिवशी खरं हळू नाही आणि एकाही दिवशी खरं जोरातही नाही. दमायला पुरेसं, सुधारायला अपुरं. नव्याने पळणाऱ्यांपैकी बहुतेक जण याच वेगात अडकतात, कारण घाम निघतो, धाप लागते, घरी येऊन 'आज काहीतरी केलं' असं वाटतं.

हळू पळण्याने होतं काय, ते सांगते. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, इंधन म्हणून चरबी वापरायची सवय लागते. यातलं कशालाच धाप लागणं आवश्यक नाही. वेळ लागतो आणि सातत्य लागतं. मधल्या वेगाने पळूनही हे होतंच, पण त्याची किंमत मोठी पडते. पाय दुसऱ्या दिवशीही जड राहतात, आणि ज्या एका दिवशी खरंच जोर लावायचा असतो त्या दिवशी पायांत जोरच उरलेला नसतो. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा धावपटू असोत, नावाडी असोत की स्कीवाले, पाचातली साधारण चार सत्रं ते अगदी आरामात करतात असं दिसलं. पोटापाण्यासाठी पळणारी माणसं पाचातली चार सत्रं हळू करतात आणि आपण हौशी लोक रोज रेस लावतो.

इथे मला बिल बॉवरमनची गोष्ट आठवते. ओरेगन विद्यापीठाचा नावाजलेला कोच, पुढे नायकी झालेल्या कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी एक. १९६२ च्या अखेरीस तो न्यूझीलंडला आर्थर लिडियार्डला भेटायला गेला. लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत करत कोच झालेला माणूस. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅल्बर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी घेतलं होतं. तर लिडियार्डने या पाहुण्याला रविवारी सामान्य लोकांच्या जॉगिंगला नेलं. बॉवरमन तेव्हा ५१ वर्षांचा, स्वतःला तंदुरुस्त समजणारा. थोड्याच वेळात तो मागे पडला, आणि सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक आजोबा त्याच्याबरोबर मागे राहून गप्पा मारत पळत राहिले. बॉवरमनला उत्तर द्यायला श्वास नव्हता. मी आता त्याच वयाची आहे, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच आवडते.

तुमच्यासाठी हळू म्हणजे किलोमीटरला सात ते साडेसात मिनिटं. पण घड्याळावर फार भरवसा ठेवू नका. उकाडा, चढ, आदल्या दिवसाचा ताण, सगळ्याने तो आकडा बदलतो. मी माझ्या मंडळींना पाढे म्हणायला लावते. एक जण होता, कितीही सांगितलं तरी 'मॅडम, हा माझा इझीच आहे' म्हणायचा. एका सकाळी मी त्याचं घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं आणि म्हटलं, एकोणीसचा पाढा म्हण. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस झालं, त्रिकाला आवाज फुटला, चोकाला तो शहात्तरच्या आधी दोनदा श्वास घेऊन थांबला. पाढा विसरला नव्हता, हवा संपली होती. वेग उतरवत उतरवत आम्ही जिथे पाढा सलग, घरात म्हणावा तसा निघाला तिथे आलो, आणि मी घड्याळ पाहिलं तर ७:२० होतं. तो गप्प. मग म्हणाला, 'यापेक्षा तर लोक भराभर चालतात.' असं वाटतं खरं. पहिले दोन आठवडे लाजच वाटते, ओळखीचं कोणी बघू नये असं वाटतं. ऍपवर मित्र आकडे बघत असतील तर तेवढे दिवस ते दाखवणं बंद करून टाका. तुमच्या पायांपेक्षा तुमच्या अहंकाराला हा बदल जड जाणार आहे.

आता झोप. बारा ते पावणेपाच म्हणजे पाच तासही नाहीत. पळण्याने शरीर मजबूत होत नाही, पळण्याने त्याची थोडी मोडतोड होते. दुरुस्ती नंतर होते, आणि तिचा मोठा भाग गाढ झोपेत. तुम्ही मोडतोड वेळच्या वेळी करताय आणि दुरुस्ती करणाऱ्यांना रोज अर्ध्या पाळीत घरी पाठवताय. शिवाय शरीराला ऑफिसचा ताण, मुलाचं आजारपण आणि सात किलोमीटर यांचे हिशेब वेगळे ठेवता येत नाहीत. सगळं एकाच वहीत जमा होतं. बढतीच्या मुलाखतीच्या आठवड्यात वेग पडला तर त्यात नवल काही नाही.

बारा का वाजतात, हे तुम्हीच लिहिलंय: मुलं साडेदहाला झोपतात, मग फोन. तो फोन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. दिवसभरात कोणी हाक मारत नाही असा तो एकच तास असतो, चोरून मिळालेला, म्हणून गोड लागतो. पण पहाटे पळतानाही कोणी हाक मारत नाही. दोन्ही तास आपल्याला मिळणार नाहीत, एक सोडावा लागेल. पावणेअकराला दिवा बंद, पावणेसहाला उठणं, आणि आठवड्यातलं एक पळणं संध्याकाळी, असं बसवून बघा. माझा स्वतःचा नियम साधा आहे: सहा तासांच्या आत झोप झाली तर त्या दिवशी शूज जागचे हलत नाहीत. चुकलेलं पळणं दुसऱ्या दिवशी भरून काढायचंही नाही, ते गेलं. दहा दिवस अजिबात पळला नाहीत तरी दम फारसा उतरत नाही. उतरायला लागतो तो दोन-तीन आठवड्यांनंतर. मग एका मंगळवारचं काय घेऊन बसलात?

सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, नाडी मोजायची सवय लावा. दोन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या दिवशी तो सात-आठने वर गेला तर शरीर कशाशी तरी झुंजतंय असं समजा आणि त्या दिवशी चालून या. सर्दी गळ्याच्या वर असेल, म्हणजे नुसतं नाक वाहणं, तर हळू पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीत कफ असेल तर अजिबात नाही. तापात पळणं म्हणजे मर्दुमकी नाही, हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो.

मुलांवर ओरडणं होतं, बायको म्हणते घरात असून नसल्यासारखे असता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तो लिहिण्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटला. पळणाऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लागतं आणि घरच्यांना ते वाचूनच कळतं, तिथे कुरबुर सुरू होते. बसून ठरवा. रविवारचा लाँग रन किती वाजता संपणार ते सांगा आणि त्या वेळेला घरात असा. आल्यावर सोफ्यावर आडवं पडून 'आज सोळा झाले' सांगायचं नाही. सोळा तुम्ही पळालात, घरच्यांनी नाही. आठवड्यातली एक सकाळ त्यांची, पूर्ण, मुलांसकट तुमच्याकडे. आणि पहाटे कपाटाचं दार वाजवत मोजे शोधू नका. रात्रीच सगळं काढून बाहेरच्या खोलीत ठेवा: कपडे, मोजे, घड्याळ, किल्ली, शूजच्या नाड्या सैल करून. पहाटे अंधारात डोकं चालत नसतं, हात चालतात. हाताला सगळं ओळीने लागलं की विचार करायच्या आत तुम्ही दाराबाहेर असता.

नडगीकडे येते, आणि इथे जरा थांबून वाचा. नडगीच्या आतल्या कडेला, वीतभर पट्ट्यात, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी होणारं दुखणं असेल तर ते बहुतेक वेळा शिन स्प्लिंट. वेग आणि अंतर कमी केलं, पोटऱ्या मजबूत केल्या की जातं. पण अंगठ्याने दाबत खाली या. एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी कळ येत असेल, त्या एका पायावर उडी मारली की तिथेच टोचत असेल, रात्री आडवं पडल्यावरही ठणकत असेल, तर ते हाड आहे. पळणं त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरकडे.

नऊ वर्षांपूर्वी मी हे सगळं माहीत असूनही पळत राहिले. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही, आणि मी ते परवानगीपत्र समजले. हाडाची सुरुवातीची चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. ती एमआरआयमध्ये दिसते. मला दिसली तेव्हा तीन आठवडे उशीर झाला होता आणि पुढचे सात आठवडे मी इतरांचं पाणी सांभाळत उभी होते. हाडाचं गणितच वेगळं आहे. भार वाढला की आधी जुनं हाड खरवडून काढलं जातं आणि मग नवं भरलं जातं. मधले काही आठवडे ते पूर्वीपेक्षा किंचित नाजूक असतं. दम मात्र तोवर सुधारलेला असतो, म्हणून आपल्याला वाटतं आणखी वाढवू. फुप्फुसं हो म्हणतात, हाड अजून तयार नसतं.

यावर उपाय म्हणून पोटरी आणि नितंबाचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, पुरतात. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली, मग वर, आधी दोन पायांवर आणि नंतर एकावर. दात घासताना एका पायावर उभं राहिलात तर त्याला वेगळा वेळही लागत नाही. पळण्याआधी ताणून धरायचे स्ट्रेचेस करत असाल तर सोडून दिलेत तरी चालेल, त्यांनी दुखापत टळते असं काही दिसत नाही. पाच मिनिटं चाला, पाय झुलवा, आणि पहिला किलोमीटर सर्वांत हळू.

खाण्याबद्दल थोडंच लिहिते, पण स्पष्ट. रात्रीचं अर्धं जेवण आजपासून पूर्ण करा. किलोमीटर वाढवायचे आणि खाणं घटवायचं, या दोन्ही गोष्टी एका वेळी केल्या की शरीर काटकसर सुरू करतं, आणि कात्री लागते ती हाडांना, हार्मोन्सना, झोपेला आणि मूडला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं, ऊर्जेच्या तुटवड्याचं. ती फक्त बायकांना होते हा समजही त्यांनी तेव्हाच खोडला. वजन उतरवायचंच असेल तर स्पर्धा झाल्यावर बघा.

हाफसाठी इंधन किती लागतं, तेही मोजता येतं. पळताना साधारण किलोमीटरला, वजनाच्या दर किलोला एक कॅलरी जाते. तुमच्या ७२ किलोला २१ किलोमीटर म्हणजे दीड हजार. स्नायू आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, पोट भरलेलं असताना जवळपास तेवढं किंवा त्याहून थोडं जास्त असतं. म्हणूनच मॅरेथॉनवाल्यांना तिसाव्या किलोमीटरच्या पुढे जी भिंत आडवी येते, ती हाफवाल्यांना सहसा येत नाही. दीड तासापेक्षा लांब पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या, एक केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम. पण जे काही घ्याल ते आधी लाँग रनमध्ये पोटाला विचारून. पाणी तहान लागेल तसं. 'जमेल तितकं प्या' हा सल्ला धोक्याचा आहे: २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यात सुमारे १३ टक्के लोकांचं सोडियम खाली गेलेलं निघालं, आणि त्याचा सर्वांत जवळचा संबंध शर्यतीत जास्त पाणी पिऊन वजन वाढण्याशी होता.

आता वेळापत्रक. पहिले तीन आठवडे तीनच दिवस, सहा, सहा आणि दहा किलोमीटर, सगळं पाढ्याच्या वेगाने. नडगी शांत झाली तर चौथ्या आठवड्यापासून चौथा दिवस परत घ्या आणि त्यातला एकच दिवस जोराचा ठेवा. सुरुवातीला एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं आठ वेळा. पुढे आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, किलोमीटरला ५:५५ च्या आसपास, मध्ये दोन मिनिटं जॉग. रविवारचा लाँग रन आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवत अठरापर्यंत, आणि दर चौथ्या आठवड्याला तो बाराला खाली. आठवड्याची बेरीज चाळिशीच्या वर न्यायची गरज नाही. शेवटचे बारा दिवस अंतर निम्म्यावर, पण थोडे जोराचे तुकडे चालू ठेवा, नाहीतर पाय झोपी जातात. त्या दिवसांत कुठेतरी नवीनच काहीतरी दुखल्यासारखं वाटेल. सगळ्यांना वाटतं.

तीन आठवडे पूर्ण झोप, पूर्ण जेवण आणि हळू पळणं करूनही दुपारी तीनला डोळे मिटत असतील, तर डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असे पळणारे मी बरेच पाहिलेत.

दोन तासांचं तूर्त बाजूला ठेवा. दहाव्या आठवड्यात पुन्हा एकदा दहा किलोमीटर मोजून पळा. ५४ च्या आसपास आलात तर दोन तासांवर बोलू. ५६ आले तर २:०५ धरा, पहिले पाच किलोमीटर ६:०५ ने काढा आणि गर्दी पुढे जाऊ द्या. पंधराव्यानंतर त्यातले बरेच जण परत भेटतात.

तळव्यात कार्बनची पट्टी असलेले महागडे शूज घेऊ का, असंही विचारलंयत. ज्याचा सोपा वेगच अजून सोपा झालेला नाही त्याने त्यात पैसे घालू नयेत असं माझं मत आहे. सातशे-आठशे किलोमीटर झालेले शूज बदला, पायात घातल्याक्षणी आरामाचे वाटतील ते घ्या, अंगठ्यापुढे बोटाची रुंदी मोकळी ठेवा, आणि स्पर्धेआधी त्याच जोडीत, त्याच मोज्यांत निदान तीन लाँग रन काढा. पायाची नखं आदल्या रात्री कापू नका, तीन दिवस आधीच कापून घ्या.